जुन्या पिस्तुलाचं ब्ल्यूइंग तपकिरी-जांभळं पडलंय: पुन्हा काळं करावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात कोलशेत रोडला राहणाऱ्या एका परवानाधारकाकडे वडिलांकडून आलेलं वेब्ली अँड स्कॉटचं पॉइंट बत्तीसचं पिस्तूल आहे. परवाना रीतसर स्वतःच्या नावावर झालाय. निवडणुकीत हत्यार जमा केलं होतं, परत आणल्यावर चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवलं. पावसाळा सरताना बाहेर काढलं तर स्लाइडची (वरच्या सरकत्या भागाची) डावी बाजू तपकिरी, नळीच्या तोंडाशी पांढुरकं, एक छोटा खटका उजेडात चक्क जांभळा आणि मुठीच्या पट्टीलगत बारीक लालसर ठिपके. त्यांनी विचारलंय, "पॉलिश उडालं का? कोल्ड ब्ल्यूची (न तापवता पोलाद काळं करणाऱ्या औषधाची) बाटली ऑनलाइन मागवली आहे, सगळ्यालाच लावू का? की वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ब्लॅकोडायझिंगला, म्हणजे रसायनाच्या टाकीत काळं करायला देऊन टाकू?"

बाटली आली असेल तर तूर्तास उघडू नका, आणि वागळे इस्टेट तर डोक्यातून काढूनच टाका. दोन्हींची कारणं पुढे येतील. त्याआधी एक गोष्ट नीट पाहू. तुम्ही "रंग गेला" अशी एकच तक्रार केली आहे, पण वर्णनात चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चारांवर चार वेगळे उपाय आहेत. त्यातल्या दोनांना तर उपायच करायचा नसतो. जुनी हत्यारं गंजाने जितकी बिघडतात त्याहून जास्त या चार गोष्टींना एकच औषध लावल्याने बिघडतात.

ब्ल्यूइंग म्हणजे रंग नव्हे. ते वरून चढवलेलं काही नसतं, पोलादाच्याच पृष्ठभागाचा झालेला काळा ऑक्साइड असतो, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात. जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय हा थर सच्छिद्र असतो. गंजापासून खरं रक्षण त्या छिद्रांत धरून राहिलेलं तेल करतं, ब्ल्यूइंग फक्त त्या तेलाला बसायला जागा देतं. कोरडं पडलेलं ब्ल्यूइंग खाडीकाठच्या हवेत फार दिवस टिकत नाही. तांबडा गंज हाही लोखंडाचाच ऑक्साइड, पण पाणी धरणारा, फुगणारा आणि सुटा. म्हणजे काळा थर आणि लाल थर हे भाऊभाऊच. त्यामुळेच एकावर चालणारं औषध दुसऱ्यालाही लागतं. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर, यातलं काहीही गंज काढताना ब्ल्यूइंगही काढतं. आम्ल जोरकस असेल तर मिनिटभरात खाली पांढरं लोखंड दिसायला लागतं. पितळेची भांडी लख्ख करणाऱ्या आंबट पावडरी त्याच जातीच्या. त्या देवघरातच राहू द्या.

आता तपासणी. पहिलं काम हत्यार रिकामं करणं. मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढा आणि चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) डोळ्यांनी पाहा, करंगळीनेही चाचपा. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, एक गोळी आत राहू शकते. हा क्रम उलटा करू नका, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढू नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग खिडकीजवळ, थेट ऊन नाही अशा उजेडात दोन्ही बाजूंचे, नंबराचे आणि प्रूफ मार्कांचे (चाचणीच्या शिक्क्यांचे) फोटो काढून ठेवा. ट्यूबलाइट किंवा पिवळ्या बल्बखाली रंगाचा निर्णय करू नका. पिवळ्या उजेडात चांगलं ब्ल्यूइंगही तपकिरी भासतं.

सगळ्यात आधी पाहायचं ते सुकलेलं तेल. याचा विचार फार कमी जण करतात. जुन्या घरांत हत्याराला जे हाताशी असेल ते तेल लावत. कधी गोडेतेल, कधी जवसाचं. अशी बरीच खाद्यतेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात. कढईच्या बाहेरच्या अंगाला चिकट तपकिरी थर बसतो, तोच प्रकार इथे अगदी पातळ स्वरूपात होतो, आणि काळ्या पोलादावर तो हुबेहूब विटलेल्या ब्ल्यूइंगसारखा दिसतो. ओळख सोपी आहे. कानात घालायच्या कापसाच्या काडीला शुद्ध अ‍ॅसिटोन लावा आणि न दिसणाऱ्या जागी दहा-पंधरा सेकंद हलक्या हाताने फिरवा. काडी चहासारखी पिवळी-तपकिरी झाली आणि खालून काळा रंग वर आला, तर तुमचं ब्ल्यूइंग शाबूत आहे. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात अनेकदा तेल आणि सुगंध असतो. अ‍ॅसिटोन ब्ल्यूइंगला काही करत नाही, पण मुठीच्या पट्ट्या, लाकडावरचं पॉलिश आणि सेफ्टीच्या खुणेत किंवा अक्षरांत भरलेला रंग खातं. म्हणून पट्ट्या आधी काढा आणि रंग भरलेल्या अक्षरांपासून लांब राहा. गॅस बंद, खिडकी उघडी, हे सांगायला नको.

पट्ट्यांबद्दल इथेच सांगतो. त्या काळच्या पिस्तुलांवर बहुधा कडक काळ्या रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या पट्ट्या असतात. त्या वयाने ठिसूळ होतात. कड उचकटून काढायला जाल तर तुकडा हातात येईल. स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाच्या मुठीने अलगद टिचकी मारा, पट्टी आपोआप सुटते. पेचकस खाचेत लांबीला आणि जाडीला घट्ट बसणारा हवा. घरातला टेस्टर चालणार नाही, घसरला की ओरखडा कायमचा. व्हल्कनाइटमध्ये गंधक असतं. उजेड आणि दमट हवा लागून पट्टी काळ्याची मातकट होऊ लागली की तिच्या पृष्ठभागावर गंधकाचं आम्ल तयार होतं. मुठीलगतच्या ठिपक्यांना घाम जबाबदार असतो तसा हाही हातभार लावतो. पट्टीखालची बाजू पाहिल्याशिवाय गंज किती आहे हे ठरवूच नका. वर चार ठिपके असतील तर खाली चाळीस असू शकतात.

पुढचं लक्षण तांबडा-तपकिरी रंग. पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब घ्या, जागा ओली करून दहा मिनिटं थांबा, मग कापड फिरवा. कापडावर विटकरी रंग आला तर जिवंत गंज आहे. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून हा गंज दाणेदार, वर उठलेला दिसतो आणि लाकडी दातकोरणी फिरवली तर ती अडखळते. कापड स्वच्छ राहिलं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागला आणि तरी रंग तपकिरी असेल, तर तो जुना मुरलेला रंग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच विलायती हत्यारांवर सावकाश गंज चढवून काळं करण्याची पद्धत होती. आम्लाचं पाणी लावून बारीक गंज येऊ द्यायचा, उकळत्या पाण्यात घालून तो लाल गंज काळा करायचा, मऊ तारेच्या ब्रशने सुटा थर झाडायचा आणि हेच चार ते दहा वेळा. असा थर वर्षानुवर्षांच्या हाताळणीने झिजत जातो तसा निळ्या-काळ्यातून करड्या-तपकिरीकडे सरकतो. हे म्हातारपण आहे, आजार नव्हे. डाव्या बाजूला जास्त असणंही समजण्यासारखं आहे. कव्हरात किंवा कपाटात हत्यार ज्या कुशीवर पडून असतं, तीच बाजू दमट चामड्याला टेकते.

नळीच्या तोंडाशी आणि स्लाइडच्या कडांना दिसणारं पांढुरकं हे सगळ्यात निरुपद्रवी. कव्हरात घालताना-काढताना घासून ऑक्साइड गेला आणि पोलाद उघडं पडलं. तिथे रंगाची नव्हे, तेलाची गरज आहे. मात्र पांढरं म्हणजे सांध्यांतून, स्क्रूच्या खाचेतून, पट्टीच्या कडेने फुललेली पावडर असेल तर गोष्ट वेगळी. कधीतरी कोणीतरी गरम क्षारांच्या टाकीत पुन्हा ब्ल्यूइंग करून घेतलंय आणि क्षार नीट धुतले गेले नाहीत, असा त्याचा अर्थ. ते क्षार हवेतलं पाणी ओढून दर पावसाळ्यात बाहेर येतात. त्यावर तेल चोपडून भागत नाही. भाग पूर्ण सुटे करून उकळत्या स्वच्छ पाण्यात पुन्हापुन्हा धुवावे लागतात, आणि ते कारागिराचं काम.

आता जांभळं, ज्याने सगळे घाबरतात. ब्ल्यूइंगची आधुनिक पद्धत म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटच्या घट्ट द्रावणात, साधारण १३५ ते १५० अंश सेल्सियसला, पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत भाग बुडवून ठेवणं. साधं कार्बन पोलाद यात छान काळं होतं. पण पोलादात सिलिकॉन किंवा निकेल जास्त असेल, भाग ओतीव असेल किंवा खूप कडक केलेला असेल, तर तोच थर लालसर छटा धरतो. टाकी जास्त तापली किंवा द्रावणात लोह साचलं तरी तसंच होतं. कधी टाकीतून बाहेर येतानाच जांभळं येतं, कधी काळं दिसतं आणि काही वर्षांनी उजेडात मनुकेसारखी झाक उमटते. अमेरिकेतल्या रुगर कंपनीच्या जुन्या ओतीव भागांवर, किंवा १९६४ नंतरच्या विंचेस्टर ९४ रायफलींच्या रिसीव्हरवर हा प्रकार इतका सर्रास आहे की संग्राहक त्याला दोषही मानत नाहीत. एकाच पिस्तुलात स्लाइड काळी, फ्रेम किंचित करडी आणि खटका जांभळा असं दिसतं, कारण तिन्ही भागांचं पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी वेगवेगळं असतं. तुमचा खटका गुळगुळीत असेल, कापडावर काही येत नसेल आणि पूर्ण भाग सारखा जांभळा असेल, तर त्याला हात लावायचा नाही. तो गंज नाही आणि तो वाढणारही नाही. कोल्ड ब्ल्यू लावलंत तर आधीचा ऑक्साइड मध्ये आल्यामुळे ते धड बसणार नाही, मात्र डाग नक्की पडेल.

छोट्या भागांबाबत आणखी एक सावधगिरी. जुन्या जर्मन लूगरवर चाप आणि सेफ्टीसारखे भाग मुद्दाम गवती पिवळ्या रंगावर तापवलेले असत. पोलाद २२० ते २३० अंशांना पिवळं आणि ३०० च्या आसपास मोरपंखी निळं होतं. पिना आणि स्क्रू असे निळे केलेले अनेक हत्यारांवर दिसतात. हा रंग ब्ल्यूइंगपेक्षाही पातळ असतो आणि स्टील वूलच्या चार फेऱ्यांत कायमचा जातो. रंग वेगळा दिसला की घासायला घेऊ नका.

राहिला शेवटचा प्रकार: आधीच्या कोणी लावलेलं कोल्ड ब्ल्यू. उजेडात हत्यार तिरपं धरल्यावर एखाद्या ठिगळावर तांबूस किंवा रॉकेल पाण्यावर पसरल्यासारखी इंद्रधनुषी झाक दिसते, कडा ढगाळ असतात आणि बोटाने जोरात चोळलं की उग्र, गंधकासारखा वास येतो. त्या बाटल्यांत सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात. पोलादावर त्यांचा काळा साका बसतो, मॅग्नेटाइट तयार होत नाही. म्हणून तो लवकर झिजतो, घामाने तपकिरी होतो आणि गंजाला फारसा अडवत नाही. तुमची बाटली बंद ठेवायला सांगितली ती याचसाठी. स्लाइडच्या सपाट पाखीवर एकसारखा रंग येणं जवळजवळ अशक्य, सगळीकडे ढग-ढग दिसतात. त्या बाटलीचा योग्य उपयोग एकच: उघड्या पांढऱ्या पोलादावरचा नवा ओरखडा, तोही तांदळाच्या दाण्याएवढा. तेव्हा हातमोजे घाला, अ‍ॅसिटोनने तेल पूर्ण काढा, हेअर ड्रायरने भाग कोमट करा, काडीने औषध लावून अर्धा-एक मिनिट थांबा, पाण्याने पुसा, कोरडं करून वर तेल लावा. दोन-तीनदा करावं लागतं. सेलेनियम विषारी आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे करू नका.

तुमच्या पिस्तुलाचं काय करायचं, ते आता सांगता येतं. मुठीलगतचे ठिपके हा एकच खरा आजार आहे, तिथून सुरुवात करा. जागा पातळ खनिज तेलाने भिजवा आणि चोवीस तास तशीच ठेवा. घाई इथेच नडते. गंज तेल पिऊन सुटा व्हायला वेळ घेतो. दुसऱ्या दिवशी सुती कापडाने पुसा. जे उरेल त्यासाठी तांबं वापरा. घरातल्या वायरिंगची जाड, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, इंचभर सोलून टोक हातोडीने चपटं करा. त्याची कड अगदी निजती धरून, तेलात, गंजाच्या दाण्यावरून ढकला. तांबं मॅग्नेटाइटपेक्षा आणि पोलादापेक्षा मऊ असतं, म्हणून गंजाची खपली उडते आणि ब्ल्यूइंग राहतं. मागे तांबूस रेघ उमटली तर तेलाच्या कापडाने जाते. ठिपके फार बारीक आणि दाट असतील तर चार शून्याचं, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात बुडवून, एका बोटाच्या भाराने, गोल न फिरवता एकाच दिशेने. दर आठ-दहा फेऱ्यांनी पुसून पाहा. कापड विटकरीऐवजी काळं यायला लागलं की थांबा, कारण आता ब्ल्यूइंग निघतंय. भांडी घासायचा स्टीलचा काथ्या, हिरवं स्क्रबर, पॉलिश पेपर यातलं काही चालत नाही.

गंज निघाल्यावर तळाशी काळे ठिपके राहतील, सुईच्या टोकाएवढे खड्डेही दिसतील. ते राहू द्या. खड्डा काढायचा म्हणजे आजूबाजूचं पोलाद त्याच्या तळापर्यंत उतरवायचं. एका खड्ड्यापायी सगळी पाखी घासायची, असा तो हिशेब होतो. गंज पट्टीखाली मोठ्या भागात पसरलेला निघाला, तर त्याला उतरवण्याऐवजी काळा करण्याचा मार्ग आहे. भाग पूर्ण सुटा करून, तेल काढून, डिस्टिल्ड पाण्यात वीस ते तीस मिनिटं उकळायचा. लाल गंज बराचसा काळा होतो, सुटा थर मऊ ब्रशने झाडायचा, गरम असतानाच तेल लावायचं. बॅटरीवाल्याकडे मिळणारं पाणी यासाठी ठीक, नळाचं नको, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. हे सावकाश पद्धतीच्या जुन्या ब्ल्यूइंगशी छान जुळतं, पण स्लाइडमधली फायरिंग पिन आणि स्प्रिंगा काढल्याशिवाय करायचं नाही. तेवढं सुटं करायची सवय नसेल तर परवानाधारक गनस्मिथकडेच न्या.

स्लाइडची तपकिरी बाजू आधी अ‍ॅसिटोनने तपासा, मग तेलाच्या कापडाने. दोन्हींतून काही आलं नाही, तर तिला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत धातूसाठी वापरतात ते रेनेसाँ वॅक्स याच प्रकारचं आहे. वाटाण्याएवढं मेण अख्ख्या पिस्तुलाच्या बाहेरच्या अंगाला पुरतं. लावून दहा-पंधरा मिनिटांनी मऊ कापडाने चमकवा. तपकिरी रंग मेणाखाली बराच गडद दिसतो, आणि अनेकांचं समाधान इथेच होतं. आतल्या सरकत्या भागांना मेण नको, तिथे तेलच.

पूर्ण नवं ब्ल्यूइंग करून घ्यावं का, याचं उत्तर मात्र तुमच्या पिस्तुलाचा इतिहास काय आहे त्यावर ठरतं. वेब्ली अँड स्कॉटचं हे मॉडेल १९०८ सालचं, १९११ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी घेतलेलं. मूळ ब्ल्यूइंग निम्मं उरलेलं असलं तरी जाणकार त्याला नव्याने काळ्याभोर केलेल्यापेक्षा जास्त मानतो. कारण ब्ल्यूइंगआधी पॉलिश आलंच. बफ लागला की कडा गोल होतात, अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. हीच लक्षणं तुमच्या पिस्तुलावर आधीच दिसत असतील आणि काळा रंग खड्ड्यांच्या आतही उतरलेला असेल, तर ते पूर्वी एकदा झालेलं आहे. मग मूळपणा उरलेलाच नाही. तेव्हा हौसेने पुन्हा करून घ्यायला माझी हरकत नाही.

यात कायद्याचा भाग येतो तो असा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यारांची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे, आणि कलम ८ नंबर आणि ओळखीच्या खुणांबद्दल आहे. पॉलिशमध्ये नंबर पुसट झाला तर उद्या नूतनीकरणाच्या वेळी आयुक्तालयात उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, बफवाल्याला नाही. काम देताना नंबराची खोली कारागिराला दाखवा, तिथे बफ लावायचा नाही हे पावतीवर लिहून घ्या, आणि परवान्याची प्रत सोबत असू द्या.

वागळे इस्टेट आणि रबाळ्याच्या शॉपमध्ये बोल्ट आणि टूलिंगवर होतं ते ब्लॅकोडायझिंग रसायनाने जवळपास तेच आहे, हे खरं. म्हणूनच हा मोह होतो. पण बिनपरवाना माणसाच्या हाती हत्यार देणं हाच गुन्हा होऊन बसतो. ते सोडलं तरी तिथे माल टाकीत जाण्याआधी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात. त्याने जुनं ब्ल्यूइंग जातं, बारीक खुणा खरवडल्यासारख्या होतात आणि कडक स्प्रिंगांत हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात. टाकीही साध्या पोलादाच्या बोल्टसाठी जमवलेली असते, तुमची जुनी स्लाइड त्यातून जांभळी होऊन येऊ शकते. जाता जाता, मुरबाड-शहापूरकडे अजून बाराबोरच्या दुनळ्या आहेत, त्यांच्यासाठी: जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुधा मऊ डागाने (सोल्डरने) जोडलेली असते. गरम कॉस्टिकच्या टाकीत तो डाग खाल्ला जातो आणि सांधे उघडतात. अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या फ्रेमचं पिस्तूल तर त्या टाकीत सरळ विरघळायला लागतं.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून. चामड्याचं कव्हर नेण्या-आणण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात आणि पावसाळ्यात ते ओल धरतं. स्पंजाची पेटीही तशीच. व्हीसीआय कागद, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद, जो इथल्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग गुंडाळायला वापरतात, त्यात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. सोबत दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नास टक्क्यांच्या खाली हवा, पावसाळ्यात आपल्याकडे बाहेर ऐंशी-नव्वद असतो. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. डबा अर्थातच कुलपात.

एसीच्या खोलीत हत्यार ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. जूनमध्ये ठाण्याचा दवबिंदू २५-२६ अंशांच्या आसपास असतो. बावीस-तेवीस अंशांच्या खोलीतून थंड पिस्तूल गॅलरीत आणलं की फ्रिजमधल्या बाटलीसारखं त्यावर पाणी धरतं, अगदी आतल्या बाजूलाही. डबा बंदच ठेवून तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण त्याचा थर पातळ असतो, महिनोन्महिने रक्षण करत नाही. ते पुसून वर खरं तेल लावा. एरवी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसायचं. हाताळलं की लगेच पुसायचं, कारण घामातलं मीठ रात्रीतून बोटांचे ठसे उमटवतं.

पुढच्या निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर आदल्या दिवशी बाहेरून मेण, आतून आणि नळीत नेहमीपेक्षा जाड तेल, व्हीसीआय कागद आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आत जेलची पुडी, असं करून न्या. नंबर तपासण्यासाठी पिशवी उघडावी लागेल, तेव्हा ती शिवलेली किंवा चिकटवलेली नको, झिपची घ्या. चामडं घरी ठेवा. परत आणल्यावर त्याच दिवशी उघडून पुसा.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. डावी पट्टी काढल्यावर खालच्या धातूचा खिडकीच्या उजेडातला फोटो टाका, आणि तपकिरी बाजूवर फिरवलेल्या अ‍ॅसिटोनच्या काडीचाही. फोटोत नंबर झाका. काडी पिवळी आली असेल तर तुमचं निम्मं काम त्या काडीनेच झालेलं असेल. पट्टीखाली गंज पसरलेला निघाला तर तेल लावून तसंच ठेवा, उकळायचं की नुसतं तांब्याने काढायचं ते फोटो पाहून सांगतो.